बत्तिसावी सूचना

पहिल्यांदा इटलीला जाणाऱ्यांसाठी मी केलेली यादी अमेरिकेतल्या आमच्या पार्सिपनी गावात निम्म्या मराठी घरांत फ्रिजवर लावलेली आहे. मूळ यादी एकतीस सूचनांची. आगगाडीत चढण्याआधी फलाटावरच्या पिवळ्या यंत्रात तिकिटावर शिक्का मारून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. व्हेनिसला मोठी सूटकेस नेऊ नका, तिथे पावलापावलावर पूल आहे आणि पुलाला पायऱ्या आहेत. चर्चमध्ये जाताना खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, तेव्हा पर्समध्ये एक ओढणी असू द्या. कॉफी उभ्यानं प्या, बसून प्यायलात तर तीच कॉफी दुपटीनं महाग पडते. रोमच्या रस्त्यांवरच्या नळांचं पाणी बिनधास्त प्या. तोटीच्या तोंडाला बोट लावलं की वरच्या भोकातून कारंजं उडतं, वाकावं लागत नाही. भाज्यांचं सूप शाकाहारी असेलच असं नाही, विचारून घ्या.

ही यादी मी २००६ च्या हिवाळ्यात लायब्ररीच्या हॉलमध्ये वाचून दाखवली. आमच्या मराठी मंडळानं कार्यक्रमाला नाव दिलं होतं, 'इटली: मोरेश्वररावांच्या नजरेतून'. बाहेर बर्फ होतं तरी साठ माणसं आली. बटाटेवडे कमी पडले. प्रश्नोत्तरं चांगली पाऊण तास रंगली. एका बाईंनी विचारलं, "तुम्ही चोवीस दिवस राहिलात म्हणे? आम्हाला आठ दिवसांची रजा मिळताना नाकी नऊ येतात." मी चष्मा पुसत म्हणालो, "इटली आठ दिवसांत होत नाही हो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. ते वाक्य आठवलं की अजून माझे कान गरम होतात.

खरं असं की आम्हीसुद्धा आठच दिवसांसाठी गेलो होतो.

मी स्वभावानं तापट आहे, आणि कागदपत्रांच्या बाबतीत तर जास्तच. मंडळात कुणाचा व्हिसा अडला, कुणाचं ग्रीन कार्ड लांबलं, की माणसं माझ्याकडे यायची. वकिलाला विचारलं की बिल येतं, माझ्याकडे आलं की माझ्या बायकोच्या, उल्काच्या, हातचा चहा मिळतो. मी कागद हातात घेऊन आधी झापायचो. "इंजिनिअर आहात ना? मग खालची बारीक अक्षरं कुणी वाचायची?" लोक मान खाली घालून ऐकायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

आमच्यासारख्या वर्क व्हिसावाल्यांचं असं असतं. पासपोर्टात चिकटवलेला व्हिसा, ज्याला आम्ही स्टॅम्प म्हणतो, तो तीन वर्षांनी संपतो. पुढे कंपनी मुदत वाढवून घेते आणि सरकारकडून एक कागद येतो, सेव्हन नाइंटी सेव्हन. त्या कागदावर अमेरिकेत राहता येतं, नोकरी करता येते. पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत येताना नवा स्टॅम्प लागतो. कॅनडा-मेक्सिकोची छोटी फेरी तेवढी चालते. मी उल्काला घेऊन नायगाऱ्याच्या कॅनडाच्या बाजूला जाऊन आलो होतो, संपलेला स्टॅम्प आणि हा कागद दाखवून. अधिकाऱ्यानं 'वेलकम बॅक' म्हटलं होतं. तेवढ्यावर मी ठरवून टाकलं की हा कागद जगात कुठूनही चालतो. बारीक अक्षरं मीही वाचली नव्हती.

मे २००५ मध्ये रोमच्या विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं आमचे पासपोर्ट तीनदा चाळले आणि व्हिसा संपलाय म्हणाली. मी कागद पुढे केला आणि ओळीवर बोट ठेवून, पार्सिपनीत ज्या आवाजात झापतो त्याच आवाजात तिला समजावलं. तिनं साहेबाला बोलावलं. मागे रांग खोळंबली होती. साहेबानं आमच्या बॅगा पट्ट्यावरून उतरवून पायाशी ठेवल्या आणि फार सौजन्यानं सांगितलं की अमेरिकेच्या वकिलातीतून नवा व्हिसा आणल्याशिवाय विमानात बसता येणार नाही. उल्का बॅगेवरच बसली. दोन दिवसांनी म्हणाली, "तुम्ही तर सगळ्यांचे कागद बघता ना?"

आम्ही सोळा दिवस अडकलो. स्टेशनजवळ ननबायकांनी चालवलेलं एक स्वस्तातलं गेस्टहाऊस होतं, तिथे राहिलो. सकाळी वकिलातीत हेलपाटा, दुपारी करण्यासारखं काहीच नाही म्हणून पायपीट. नळाला बोट लावायची युक्ती त्या पायपिटीत कळली. उभ्यानं कॉफी प्यायची अक्कल त्या काटकसरीत आली. एकतीसपैकी वीस सूचना तरी त्या सोळा दिवसांतल्या आहेत. उल्का रोज संध्याकाळी गेस्टहाऊसच्या छोट्या चर्चमध्ये जाऊन रडायची. देव कुणाचा का असेना, बसायला बाक आहे, असं म्हणायची. तिथली म्हातारी सिस्टर आग्नेसे तिच्याजवळ नुसती बसून राहायची.

शेवटी व्हिसा मिळाला. परत आल्यावर सगळ्यांनी विचारलं, एवढे दिवस? मी म्हणालो, "आवडलं, म्हणून रजा वाढवली." उल्कानं माझ्याकडे पाहिलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मी तिला घरी येऊन सांगितलं. लोकांना कागद वाचायला शिकवणारा माणूस स्वतः न वाचता विमानात बसला, हे मंडळात कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. म्हणून यादीत सगळं लिहिलं आणि ते एक लिहिलं नाही.

आमच्याच अपार्टमेंट कॉम्प्लेक्समध्ये, दोन इमारती सोडून, पुरुषोत्तम आणि प्रतिमा राहतात. तो एका औषध कंपनीत केमिस्ट, माझ्याहून दहा वर्षांनी लहान, मला दादा म्हणतो. त्यांची मुलगी सई. आम्हाला मूल नाही. सईचं आमच्याकडे येणं-जाणं इतकं की तिच्या स्नीकर्सची एक जोडी कायम आमच्या दाराशी असायची. २००७ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या लग्नाला दहा वर्षं होत होती. दोघांनी इटलीला जायचं ठरवलं, माझ्या यादीच्या भरवशावर. सईची शाळा होती, म्हणून ती आठ दिवस आमच्याकडे राहणार होती. उल्कानं महिनाभर आधी तिच्यासाठी नवी चादर आणली.

निघण्याच्या चार दिवस आधी आम्ही त्यांना जेवायला बोलावलं. शेजारचा अतुलही होता. जेवता जेवता पुरुषोत्तमनं फाइल काढली. माझ्या यादीची प्रिंट होती, तिच्यावर पिवळ्या हायलायटरनं रेघा.

"दादा, एक शेवटचं विचारायचं होतं. आमचा स्टॅम्प गेल्या वर्षी एक्स्पायर झालाय. इटलीचा व्हिसा मिळाला, पण परत येताना सेव्हन नाइंटी सेव्हन चालतो ना?"

"चालतो रे यार," अतुल मध्येच म्हणाला. "आम्ही नायगाऱ्याला गेलो होतो ना, कॅनडा साइडला. कागद दाखवला, दोन मिनिटांत सोडलं. टेन्शनच घेऊ नको."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुरुषोत्तम म्हणाला, "तुम्ही पण तसेच आलात ना, दादा?"

माझ्या हातात पुरी होती. मी ती श्रीखंडात बुडवून तोंडात घातली आणि मान हलवली. होकारार्थी. एवढंच केलं मी. खोटं बोललो नाही अशी पळवाट मी नंतर बरेच दिवस वापरली, पण मान हलवणं म्हणजे बोलणंच असतं.

"तुम्ही म्हणता म्हणजे झालं," पुरुषोत्तम म्हणाला आणि त्यानं फाइल मिटली. उल्का ताटावरून उठून किचनमध्ये गेली आणि बराच वेळ नळ सोडून उभी राहिली.

ते गेल्यावर ती म्हणाली, "अहो, फोन करा त्यांना. आत्ता करा."

"उद्या करतो."

उद्याचा परवा झाला. मी फोन उचलायचो आणि ठेवायचो. मनाशी नाना कारणं काढली. त्याच्या कंपनीच्या वकिलानं सांगितलं असेलच. दोन वर्षांत नियम बदलला असेल. आता तिकिटं कॅन्सल करायची म्हणजे प्रतिमाचा केवढा हिरमोड. पण खरं कारण एकच होतं. सांगायचं तर पुढे तो विचारणार, तुम्हाला कसं माहीत? उल्का दोनदा म्हणाली, "तुम्ही नाही तर मी करते." मी तिच्यावर खेकसलो. ती गप्प बसली. तिच्या त्या गप्प बसण्याचंही पाप माझंच आहे.

शनिवारी मीच त्यांना नुअर्क विमानतळावर सोडलं. गाडीत प्रतिमा इटालियनमध्ये 'मांस नको, मासे नकोत' पाठ करत होती. मी त्यांना पाकीट कुठल्या खिशात ठेवायचं ते सांगितलं, दुपारी चर्चेस बंद असतात तेही पुन्हा सांगितलं. मागच्या सीटवर सई होती. टर्मिनलपाशी पुरुषोत्तम माझ्या पाया पडायला वाकला. मी त्याला मध्येच धरलं.

आठ दिवस सई मजेत होती. ती डब्यात काहीही दिलं तरी खायची. उल्का तिला आठवड्यातून दोनदा भेंडीची भाजी-पोळी द्यायची आणि डबा रिकामा आला की मला दाखवायची. "किती शहाणं पोर आहे बघा, नाही कशाला म्हणत नाही."

रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. ते दोघं दुपारी पोचायचे होते. फोनवर पुरुषोत्तम होता, रोमहून.

"दादा, आम्हाला विमानात घेतलं नाही. स्टॅम्प पाहिजे म्हणतात." त्याचा आवाज बारीक झाला होता. "चूक माझीच आहे. तुमचा स्टॅम्प व्हॅलिड असणार, मी नीट विचारलंच नाही. सईला आणखी काही दिवस..."

तो माझी माफी मागत होता. मला तेव्हाच बोलता आलं असतं. त्याऐवजी मी भराभर सूचना द्यायला लागलो. स्टेशनजवळ ननबायकांचं गेस्टहाऊस आहे, तिथे जा, स्वस्त आहे, साडेदहाला फाटक बंद होतं. वकिलात तिथून चालत वीस मिनिटं. बूथमधले फोटो चालत नाहीत, दोन बाय दोन इंचाचे लागतात, कोपऱ्यावरून दुसऱ्या गल्लीत फोटोवाला आहे. कंपनीचं पत्र फॅक्सनं मागव, गेस्टहाऊसच्या ऑफिसात फॅक्स आहे.

पलीकडे तो लिहून घेत होता. मग म्हणाला, "दादा, हे सगळं तुम्हाला कसं माहीत?"

"वाचलं होतं कुठेतरी," मी म्हणालो.

त्यांना आमच्याइतकं नशीब लाभलं नाही. रोममध्ये तारीख मिळेना, इटलीच्या व्हिसाचे दिवस संपत आले, म्हणून दोघं तिथूनच मुंबईला गेले. प्रतिमाचा व्हिसा झाला. पुरुषोत्तम केमिस्ट, रसायनांचं काम म्हटल्यावर त्याची आणखी चौकशी निघाली आणि त्याचा पासपोर्ट वकिलातीत अडकला. त्याच्याशिवाय एकटी कशी येऊ, म्हणून प्रतिमा थांबली. तो दर दोन दिवसांनी फोन करायचा. दर वेळी म्हणायचा, "दादा, वहिनी, तुमचे फार उपकार आहेत." मी म्हणायचो, "अरे, उपकार कसले." उल्का ते ऐकून बाहेर निघून जायची.

मेच्या नऊ तारखेला सई नऊ वर्षांची झाली. उल्कानं केक केला, शाळेतल्या चार मुली बोलावल्या. प्रतिमा फोनवर गाणं म्हणायला लागली आणि अर्ध्यात थांबली. सईनं फोन माझ्या हातात दिला आणि केकवरच्या मेणबत्त्या एकेक करून काढून चाटल्या.

त्याच महिन्यात एका शुक्रवारी संध्याकाळी मंडळाचं पॉटलक होतं, प्रत्येकानं घरून एकेक पदार्थ आणायचा. सगळे पुरुषोत्तमबद्दलच बोलत होते. अतुल, तोच अतुल, हातात ताट घेऊन म्हणाला, "पीएचडी झालेला माणूस, साधा नियम वाचला नाही. पोरीला इथे टाकून जायचं म्हणजे आधी दहादा चेक नको करायला?" कुणीतरी म्हणालं, "मोरेश्वररावांना बघा. चोवीस दिवस राहून आले, सगळं कसं चोख." मी खाली बघून वरणभात कालवत राहिलो. मान वर केली तेव्हा समोर सई उभी होती, कागदी प्लेट घेऊन. तिनं सगळं ऐकलं होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, ती टेबलाशी दुधात सीरियल घालून खात होती. उल्का सोमवारच्या डब्यासाठी भेंडी पुसत होती. सई बाउलमध्ये बघत म्हणाली, "काका, बाबा इज सो स्टुपिड."

"असं बोलू नये, सई."

"बट ही इज. एव्हरीबडी सेज सो. ही डिडन्ट चेक. यू चेक्ड. यू केम बॅक." मग ती मराठीत म्हणाली, "मला त्यांच्याशी आज फोनवर नाही बोलायचं."

पुरुषोत्तमचे पैसे गेले होते, नोकरी टांगणीला लागली होती, मंडळात नाव खराब झालं होतं. तेवढं सगळं मी पाच आठवडे गिळलं होतं. पण आता त्याची मुलगीही त्याच्या हातून जायला लागली होती, आणि तीही माझं उदाहरण देऊन. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असं आपण म्हणतो. मला ठेच लागली होती आणि मी अंगठा बुटात लपवला होता.

मी बेडरूममध्ये जाऊन पासपोर्ट आणला आणि व्हिसाचं पान तिच्यापुढे उघडलं. "वाच. हा व्हिसा कुठे मिळाला, इथे वर काय लिहिलंय?"

तिनं बोट ठेवून वाचलं. "इश्यूइंग पोस्ट नेम. रोम." तारीख वाचली. मग माझ्याकडे पाहिलं.

"मलाही विमानात घेतलं नव्हतं," मी म्हणालो. "मीही चेक केलं नव्हतं. सोळा दिवस अडकलो होतो. आणि तुझ्या बाबानं जायच्या आधी मला विचारलं होतं. मला माहीत होतं, तरी मी सांगितलं नाही. मला लाज वाटली."

उल्काचे हात थांबले होते. सईनं पासपोर्ट मिटून माझ्याकडे सरकवला.

"डझ बाबा नो?"

"नाही."

"देन टेल हिम," ती म्हणाली. ती ओरडली नाही, रडली नाही. मला वाटत होतं निदान रडेल.

मुंबईत तेव्हा संध्याकाळ होती. पुरुषोत्तमनंच फोन उचलला आणि नेहमीसारखं म्हणाला, "हां दादा, बोला. सई कशी आहे?" मी उभा राहून बोललो, बसवेना. विमानतळ, गेस्टहाऊस, रजा वाढवल्याची थाप, श्रीखंड-पुरी, सगळं सांगितलं. मध्ये कुठे थांबलो असतो तर पुन्हा जमलं नसतं.

"मला माहीत आहे, दादा," तो म्हणाला.

"काय?"

"तुम्हीच त्या गेस्टहाऊसला पाठवलंत ना. पहिल्याच दिवशी सिस्टरनं आमचे कागद बघून विचारलं, तुम्ही पार्सिपनीचे का? दोन वर्षांपूर्वी तिथलेच एक जण याच कागदापायी इथे सोळा दिवस होते म्हणाली. त्यांची बायको रोज चर्चमध्ये रडायची म्हणाली. प्रतिमाला तिनं तोच बाक दाखवला."

पाच आठवडे, दर दोन दिवसांनी, तो मला उपकार म्हणत होता.

"मग तू बोलला का नाहीस?" मी विचारलं. "मला शिव्या घालायच्या होत्यास."

"माझी मुलगी तुमच्या घरी होती, दादा," पुरुषोत्तम म्हणाला. "तुमच्याशी भांडून मी काय केलं असतं?"

त्याचा आवाज चढला नव्हता. सॉरी म्हणालो, तो 'हं' म्हणाला. सईला फोन देऊ का, असं विचारलं.

"द्या. आणि दादा, वहिनींना सांगा, तिला डब्यात भेंडी देऊ नका. तिला अजिबात आवडत नाही. बसमध्ये मैत्रिणीला देऊन टाकते. तिच्या आईला फोनवर सांगत होती. तुम्हाला ती सांगणार नाही. आम्हीच तिला बजावून गेलो होतो, दुसऱ्यांच्या घरी राहताना नाही म्हणायचं नाही."

मी फोन सईला दिला. ती तो घेऊन खिडकीपाशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून हळू आवाजात 'बाबा' म्हणाली. टेबलावर पुसलेल्या भेंड्यांची रास होती आणि उल्का सुरी हातात घेऊन माझ्याकडे बघत होती, तो काय म्हणाला ते ऐकायला. मी तिला आधी भेंडीचं सांगितलं.